ड्रोनबंदीची चौकट दर महिन्याला छापता, पण उडवायचा कुठे ते कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर साधारण दर महिन्याला एक छोटी चौकट येते. बृहन्मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ड्रोन, रिमोटवरची मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून उडवायला पुढचे 30 दिवस बंदी, उल्लंघन केल्यास कारवाई. तारीख बदलते, मजकूर तोच. आमच्या पुण्यात पण असे आदेश निघतात. मी हौसेने आधी रिमोटची विमानं आणि आता ड्रोन उडवणारा माणूस, त्यामुळे मी ती चौकट वाचतो, बाकी कोणी वाचत असेल असं वाटत नाही, कारण ज्या दिवशी ती छापून येते त्याच संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या लॉन्सवर नवरानवरीच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असतो आणि बंदोबस्तावरचे हवालदार पण मोबाईल काढून त्याचा व्हिडिओ घेत असतात.

म्हणजे आपल्याकडे काय झालंय, ज्याला नियम पाळून उडवायचंय त्याला जागाच नाही आणि ज्याला नियमाची पडलेली नाही त्याला कोणी विचारत नाही. पत्र त्याबद्दलच आहे, थोडं लांबेल, काटछाट केलीत तरी चालेल.

आधी कायदा काय म्हणतो ते, कारण याबद्दल व्हॉट्सअॅपवर वाटेल ते फिरत असतं. ड्रोन नियम 2021 हे केंद्राचे नियम, ऑगस्ट 2021 मध्ये आले, आणि खरं सांगायचं तर बरेच सुटसुटीत आहेत. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून 2 किलोपर्यंत मायक्रो, मग 25 किलोपर्यंत स्मॉल. हौसेसाठी 2 किलोच्या आतला ड्रोन उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, धंद्यासाठी मायक्रो उडवायचा तर लागतं. ड्रोनची केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करून यूआयएन नंबर घ्यायचा, म्हणजे गाडीच्या नंबरसारखा त्या ड्रोनचा स्वतःचा नंबर, त्याची फी फक्त 100 रुपये. नॅनो सोडून बाकीच्यांना थर्ड पार्टी इन्शुरन्स, गाडीला असतो तसा. मग डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा, त्यात ग्रीन, यलो, रेड. ग्रीनमध्ये 400 फुटापर्यंत उडवायला कोणाची परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट. 5 ते 8 किमीमध्ये जमिनीपासूनच यलो, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलला विचारा. रेडमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. नियम मोडला तर 1 लाखापर्यंत दंड.

आता हा नकाशा आपल्या शहरांवर ठेवून बघा. मुंबईत सांताक्रूझचा विमानतळ, जुहूचं एरोड्रोम, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, कुलाब्याला नौदल, आणि आता पलीकडे नवी मुंबईचा विमानतळ पण आला. ग्रीन उरणार कुठे? पुण्यात लोहगाव हवाई दलाचं, त्यामुळे विमाननगर, कल्याणीनगर, खराडी हा भाग विसरूनच जा, इकडे खडकवासल्याला एनडीए, पाषाणला डीआरडीओच्या लॅब, मध्ये कॅम्पात लष्कर. गडावर जाऊन उडवू म्हटलं तर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या गडांवर वेगळी परवानगी. रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाता खाता पोरं बिनधास्त ड्रोन सोडतात, समोर एनडीएची भिंत आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

बरं एवढं सगळं सांभाळून समजा शहराच्या एखाद्या कडेला ग्रीनचा तुकडा सापडला, तरी वर पोलिसांचा मनाई आदेश आहेच. इथे मला एक प्रश्न पडतो, मी वकील नाही, कोणी जाणकाराने उत्तर दिलं तर बरं होईल. ड्रोन नियमांमध्येच अशी सोय आहे की राज्य सरकारला किंवा पोलिसांना गरज पडली तर ते एखादा भाग तात्पुरता रेड झोन करू शकतात, पण अधिकारी किमान एसपी दर्जाचा पाहिजे, ते डिजिटल स्कायवर जाहीर करायचं, आणि एका वेळी जास्तीत जास्त 96 तास. 96 तास म्हणजे चार दिवस. आणि आपल्याकडे काय होतं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (म्हणजे पूर्वीचं 144) अख्ख्या आयुक्तालयाच्या हद्दीला 30 दिवस बंदी, आणि ते 30 संपायच्या आत पुढचे 30. कलम 163 चा आदेश पण एका वेळी दोन महिन्यांच्या वर पोलिसांना चालवता येत नाही, म्हणून दर वेळी नवीन काढायचा. तातडीच्या प्रसंगासाठी असलेलं कलम कॅलेंडरसारखं वापरायचं आणि नेमक्या ड्रोनसाठी केलेली तरतूद पडून, हे कसं काय?

पोलिसांना काही कारणच नाही असं अजिबात म्हणत नाही. जून 2021 मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली, मे 2025 मध्ये सीमेवर काय काय उडत होतं ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. 26/11 भोगलेल्या शहराच्या पोलिसांनी घाबरायचं नाही तर कोणी घाबरायचं. पण जो घातपात करायला निघालाय तो चौकट वाचून थांबणार आहे का? थांबतो तो माझ्यासारखा, जो तसाही मोकळ्या माळावर जाऊन उडवत होता.

आता सेफ्टीचं बोलू, कारण आमच्या हौशी लोकांचा पण एक आगाऊपणा असतो की अरे एवढंसं खेळणं, त्याने काय होणार. गेल्या सीझनला नात्यातल्या एका लग्नात मंगलाष्टका चालू असताना ड्रोनवाल्याने ड्रोन इतका खाली आणला की पंख्यांच्या वाऱ्याने अंतरपाट वरती उडायला लागला, धरणाऱ्यांची त्रेधा, नवरीच्या तोंडावर अक्षता, गुरुजी एका हाताने उपरणं सावरतायत आणि मांडव हसतोय. शॉट भारी आला असणार. मी जाऊन त्या पोराशेजारी उभा राहिलो. वीस-बावीसचा असेल, केटरिंगच्या काउंटरमागे उभा, नजर पूर्ण वेळ स्क्रीनवर, एकदाही वर आकाशात बघितलं नाही. मी विचारलं सिग्नल गेला तर काय करशील, तर म्हणाला काका टेन्शन नका घेऊ, रिटर्न टू होम आहे ना. म्हटलं किती उंचीवर सेट आहे? त्याला माहीतच नव्हतं. मेनू उघडून बघितलं तर 30 मीटर. आणि लॉन्सच्या शेजारी बारा मजल्याचा टॉवर!

ज्यांना यातलं माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिटर्न टू होम म्हणजे सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली की ड्रोन ठरवलेल्या उंचीपर्यंत चढतो आणि सरळ रेषेत जिथून उडाला तिथे परत यायला निघतो. मध्ये बिल्डिंग असेल तर? महागाच्या ड्रोनला चारी बाजूंनी सेन्सर असतात, पण बहुतेक ड्रोनचे ते कॅमेऱ्यासारखे असतात, अंधारात त्यांना काही दिसत नाही, आणि रिसेप्शन असतं रात्री. स्वस्तातल्याला पुढून-मागून काहीच नसतं. बारा मजले म्हणजे 36 मीटरच्या पुढेच की, 30 वर सेट केलेला ड्रोन नवव्या-दहाव्या मजल्याच्या कोणाच्या तरी गॅलरीत जाऊन आदळणार आणि तिथून खाली. खाली पार्किंग, पोरं, वऱ्हाडी. दुसरं म्हणजे गच्चीवरून टेकऑफ करायची सवय. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्यांनी ड्रोनचा कंपास गंडतो, मग तो दिशा चुकतो, गोल गोल फिरत लांब जातो. आणि शहरात घारी, कबुतरं, संक्रांतीच्या दिवसात मांजा. यातलं काहीही एकदा पंख्याला लागलं की संपलं, चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा गेला की तो ग्लायडरसारखा तरंगत येत नाही, दगड येतो तसा येतो. मुंबईत महापालिका रस्त्याकडेच्या झाडांचे नारळ वेळेवर उतरवत नाही म्हणून लोक ओरडतात, आणि इथे 900 ग्रॅमचा नारळ 300 फुटावर कोणीतरी मुद्दाम नेऊन ठेवलाय, वर त्याला चार पाती आणि लिथियमची बॅटरी.

विमानांचं तर वेगळंच. डिसेंबर 2018 मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या तर ऐन ख्रिसमसच्या तोंडावर साधारण 1000 विमानांचा खोळंबा झाला, 1 लाख 40 हजार प्रवासी अडकले, आणि तो ड्रोन कोणाचा होता ते शेवटपर्यंत सापडलं नाही. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसला वणवा पेटला होता तेव्हा एकाने आग बघायला म्हणून पार्किंगच्या इमारतीवरून ड्रोन सोडला, तो अडीच किलोमीटरच्या वर गेला, नजरेआड झाला, आणि पाणी मारणाऱ्या विमानाच्या पंखात घुसला. पंखाला भोक पडलं, विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर ठेवावं लागलं, तेही आग चालू असताना. ड्रोन कुठला होता? ते छोटं मिनी मॉडेल, ज्याला आपल्याकडे नॅनो म्हणून सगळ्यात जास्त सवलती. त्या माणसाला काही घातपात करायचा नव्हता, नुसती उत्सुकता होती. म्हणून मी वजनापेक्षा नजरेला जास्त मानतो. आपल्या नियमात पण हौशी मॉडेलच्या व्याख्येत हेच आहे की ते डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरातच उडवायचं. पण यूट्यूबवर सगळे 'रेंज टेस्ट' करतात ना, किती किलोमीटर गेला ते दाखवायला.

आणि आता ड्रोन मुळात येतात कुठून ते. फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेची कामं सोडून. सुटे भाग आणता येतात, म्हणून आम्ही काही जण घरी सोल्डरिंग करत बसतो. पण कुठल्याही मोठ्या शहरात कॅमेऱ्याच्या मार्केटमध्ये जा, नवाकोरा चायनीज ड्रोन सीलपॅक मिळतो. बिल मागितलं की दुकानदार हसतो. नोंदणीचं विचारलं तर "साहेब, हा 249 ग्रॅमचा आहे, याला काही लागत नाही". 'काही लागत नाही' म्हणजे विमानतळाशेजारी पण चालतो असंच घेणारा समजतो, आणि रेड झोन तर वजन विचारत नाही. असा मागच्या दाराने आलेला ड्रोन, ना नोंदणी, ना इन्शुरन्स. तो उद्या कोणाच्या डोक्यात पडला तर मालक सापडणार कसा? कोणी कबूलच करणार नाही की माझा म्हणून. पूर्वी निदान ड्रोनचं अॅपच विमानतळाजवळ टेकऑफ करू द्यायचं नाही, पण डीजेआय या चिनी ड्रोन कंपनीने अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये ते कुलूप काढून नुसती सूचना ठेवली, पुढे काय ते उडवणाऱ्याने बघायचं. म्हणजे कंपनीवर विसंबून राहायचे दिवस पण गेले.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचा राग मला समजतो. सातव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने बेडरूमला पडदा का लावायचा, सातव्या मजल्यावर कोण येणार, म्हणून तर फ्लॅट घेतला. कोणी मुद्दाम तसं चित्रीकरण केलं तर भारतीय न्याय संहितेत कलम 77 आहे, पण आधी ड्रोन कोणाचा ते तर कळायला पाहिजे. 2024 च्या पावसाळ्यात बीड, संभाजीनगर, पुणे जिल्ह्यातल्या गावागावात रात्री ड्रोन दिसतात म्हणून लोकं काठ्या घेऊन जागत होती, चोर टेहळणी करतात म्हणून. त्यात खरं किती, अफवा किती, देव जाणे. पण वर जे उडतंय ते कोणाचं हे सांगायची काही सोय नसली की लोकं काठ्याच काढणार, आणि तेव्हा फवारणीचा ड्रोन घेऊन निघालेला शेतकरी पण मार खाईल.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने ड्रोनच्या नव्या कायद्याचा मसुदा हरकतींसाठी काढला, त्यात दंडाबरोबर कैदेची पण भाषा होती. कडक करा, माझी हरकत नाही. पण आहे तो 1 लाखाचा दंड तरी कोणाला झालेला तुम्ही छापलाय का? मला तरी आठवत नाही.

मागणी काही फार मोठी नाही. क्रिकेटला मैदानं आहेत, पोहायला तलाव आहेत, तसं प्रत्येक मोठ्या शहराच्या कडेला ग्रीन झोनमध्ये एकदोन मोकळ्या जागा नक्की करा, रविवारी सकाळी दोनतीन तास द्या, नोंदणी दाखवून आत सोडा, फी घ्या. तिथे जुने लोक नवीन पोरांना रिटर्न टू होमची उंची कशी लावायची एवढं तरी शिकवतील. मंगल कार्यालयं आणि लॉन्सवाल्यांना सांगा की ड्रोनवाल्याचा यूआयएन, इन्शुरन्स आणि लागत असेल तर पायलट सर्टिफिकेट बघितल्याशिवाय उडवू द्यायचं नाही, जसं ते आतषबाजीचं आणि डीजेचं विचारतात (निदान विचारायला पाहिजे). बिनबिलाचे ड्रोन विकणाऱ्या दुकानांवर जा, ती काही लपलेली नाहीत.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडून एक हवंय. पुढच्या महिन्यात ती बंदीची चौकट येईलच, तेव्हा तिच्या खाली डिजिटल स्कायच्या नकाशाचा पत्ता आणि त्या शहरात कुठे उडवायला चालतं ते दोन ओळीत छापा. पोलिसांना विचारून छापा. त्यांनी सांगितलं की कुठेच चालत नाही, तर तसं छापा, म्हणजे पुढे कुठे दाद मागायची ते आम्ही बघू.

आपला नम्र,
एक हौशी ड्रोनवाला, सिंहगड रोड, पुणे