मोडीवाल्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

फेब्रुवारीत तुमच्या ओट्यावर बसून तुम्ही आमच्या कोतवाल बुकाचं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीचं, एक पान वाचून दिलंत. किती द्यायचे विचारलं, तर तुम्ही पुढच्या माणसाला हाक मारलीत. म्हणून हे जाहीर पत्र.

पुणे जिल्ह्यातल्या आमच्या गावी पणजोबांची गोष्ट एकच. बांधावरून वाद होता, भावकीने करणी केली, धडधाकट गडी चार दिवसांत गेला. तेव्हापासून खालच्या आळीतल्या त्या घरी आमच्यातलं कुणी पाणी प्यायलं नाही. लहानपणी मी एकदा तिथे खेळायला गेलो, तर आजीने बदडलं होतं.

मी आलो तो मात्र दाखल्यासाठी. मला फक्त जातीचा रकाना हवा होता, खोटं कशाला बोलू? तालुक्याला चार खेपा घातल्यावर गाव नमुना चौदाची, म्हणजे त्याच कोतवाल बुकाची, नक्कल मिळाली होती, तीही नेमकी आमच्या नावावर शिक्का मारलेली. तुमच्या आधी एकाने पाचशे रुपये घेऊन त्यातलं ‘बिन’, म्हणजे अमक्याचा मुलगा, हे आमचं आडनाव म्हणून वाचलं होतं!

तुम्ही भिंग काढलंत. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. शब्द कुठे तुटतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक, असं म्हणत बोट सरकवत राहिलात. नाव सापडलं, जात सापडली. मी कागद उचलायला गेलो, तर मनगट धरलंत. “थांब, पान पुरं होऊ दे.”

ऑक्टोबर १९१८. मरणाचं कारण, ताप. वरच्या ओळीत ताप, खालच्या ओळीत ताप. “ही मानमोडी,” तुम्ही म्हणालात. मानमोडी म्हणजे तेव्हाची इन्फ्लुएंझाची साथ. तिने देशात कोटीहून जास्त माणसं नेली, पण अशा गावच्या पुस्तकांत ती बहुतेक तापातच जमा झाली. मग पणजोबांच्या खाली तिसऱ्या ओळीत खालच्या आळीतल्या मूळ पुरुषाचं नाव आलं. त्याच्याआधी एका बाईचं नाव आणि ‘कोम’. कोम म्हणजे अमक्याची बायको, हेही तुम्हीच सांगितलंत. वय २२. दुसऱ्या दिवशी त्याच घरातली मुलगी, वय महिने ८.

म्हणजे करणी करणाऱ्यांकडेही त्याच आठवड्यात दोन मयतं झाली होती. आमच्या गोष्टीत ती कधी नव्हतीच.

दाखला अजून अडकलाय, तो राहू दे. पाडव्याला ती झेरॉक्स आणि तुम्ही पेन्सिलीने केलेलं लिप्यंतर घेऊन मी खालच्या आळीला गेलो. तिथले आजोबा नव्वदीला टेकलेत. त्यांनी ती ओळ दोनदा वाचून घेतली. आपल्या आजोबांची आधी एक बायको होती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. “थोरली होती होय,” एवढंच म्हणाले, आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी प्यायलो.

त्या वर्षाची आणखी नऊ पानं मिळाली आहेत. घेऊन येतो. या वेळी रकाना कुठलाच नको, सगळी वाचू.

तुमचा,
चार खेपांवाला