खालच्या मजल्यावरील काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आमची जमीन म्हणजे आपले छत, त्यामुळे आमच्या घरातले पुष्कळसे आपल्याला आमच्या नातेवाइकांहून अधिक ठाऊक झाले असेल: आमच्या मुलाने पलंगावरून मारलेली उडी, रात्री दहानंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत चाललेली धाव, गणिताला कंटाळून फरशीवर आपटलेली कंपासपेटी.

मुलुंडला येण्यापूर्वी आम्ही दादरला भाड्याने राहत होतो. तेथे ‘पालकांनी पाल्यांस आवर घालावा’ अशी सूचना फलकावर लागली होती. नाव कोणाचेच नव्हते, पण जिन्यात सगळे आमच्याचकडे पाहत. ‘दोन फटके द्या, घरी लाडावला आहे,’ हा सल्लाही घरपोच मिळाला. एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे, सतत चुळबूळ आणि उतावळेपणा असणाऱ्या विकाराचे, निदान करताना लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीची आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात, हे डॉक्टरांकडून कळले, तेव्हा त्या सल्लागारांची फार आठवण झाली. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे ऐकून यजमान मात्र गप्प झाले. त्यांची शाळेतली प्रगतिपुस्तके सासूबाईंनी अजून जपून ठेवली आहेत.

जुलैत त्याला ताप आला होता, त्या तिसऱ्या संध्याकाळी आपण दार वाजवलेत. लिफ्ट बंद होती आणि आपले गुडघे दुखतात, हे मला नंतर सुचले. दार उघडताच मी सवयीने ‘माफ करा, आता झोपवतेच त्याला’ म्हणाले, तर आपण विचारलेत, ‘तीन दिवस वर काही आवाज नाही. मुलगा बरा आहे ना?’

मला उत्तर देता आले नाही. आमचा आवाज सहन करणारी भली माणसे पूर्वीही भेटली होती, परंतु त्यांचे सहन करणे आम्हाला रोज जाणवत असे. आवाज थांबला म्हणून काळजीने जिना चढून आलेले आपण पहिलेच.

ताप उतरल्यावर त्याने पहिली उडी मारली आणि खालून काठीचे दोन ठोके आले. माझ्या काळजात धस्स झाले. त्याने मात्र आनंदाने दोनदा पाय आपटून उत्तर दिले. आता हे ठोके झाल्याशिवाय तो अंथरुणावर पडत नाही.

आपण गणपतीला गावी जाणार असल्याचे कळले. परतीचा दिवस कृपया कळवावा; त्याने विचारले आहे.

आपली,
वरच्या मजल्यावरची