पॅन्टची कंबर ३८, पोट ४३

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की माझं वजन जास्त आहे पण बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल सगळं नॉर्मल, मग लोक कायले मागे लागतात. वाचून आधी खूशच झालो, कारण हेच वाक्य मी दुकानात बसून पंधरा वर्षं बोलत आलो. नागपूरच्या महाल भागात जेन्ट्स टेलरचं दुकान आहे माझं. उंची पाच फूट सात इंच, वजन ९४ किलो, आणि रिपोर्ट कोणी मागितला की ड्रॉवरमधून काढून दाखवायचो, एकदम क्लीन. एरियातल्या फुकट तपासणीच्या कॅम्पमध्ये तर एका डॉक्टरनं हसत हसत सांगितलं होतं की तुम्ही लकी आहात, ऐश करा. मग काय, केली ऐश, रविवारी तर्री पोह्याच्या दोन प्लेटा.

मागल्या वर्षी उपाशीपोटी शुगर १०८ आली. शंभरच्या खाली नॉर्मल धरतात, म्हणजे आता काठावर. घरी जुने कागद काढले तर २०१६ ला ८४, मग ९१, मग ९८. प्रत्येक कागदावर नॉर्मल लिहिलंय आणि ते खोटंही नाही, पण तिन्ही कागद शेजारी ठेवून कोणी पाहिलेच नाहीत, मी पण नाही. गिऱ्हाइकांची मापं मी वहीत वर्षानुवर्षं जपून ठेवतो, कोणाची छाती किती वाढली हे तोंडपाठ सांगतो, अन् स्वतःची वही कोरी.

त्या वहीचीच एक गोष्ट सांगतो. वीस वर्षांपूर्वी ज्याची पॅन्ट ३४ कंबरेची शिवली त्याची आज ३८ ची होते, आणि तो म्हणतो बघा भाऊ, फार काही वाढलो नाही. पण तो पॅन्ट आता पोटाच्या खाली बांधून राहिला ना! शर्टाचं माप घेताना बेंबीवरून टेप फिरवला की ४३ निघते. म्हणजे पॅन्टचा नंबर सांगून कोणी पोटाचा हिशोब देत असेल तर विश्वास ठेवू नका, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

मेडिकल कॉलेजमधला एक डॉक्टर पोरगा ॲप्रन शिवायला येतो, त्याला विचारलं की बाबा हे लठ्ठ पण निरोगी प्रकरण खरं आहे का. तो म्हणे खरं आहे, पण बहुतेकांचं टिकत नाही. अमेरिकेत नव्वद हजारांवर नर्स बायकांचा ३० वर्षं हिशोब ठेवला, त्यात ज्या सुरुवातीला लठ्ठ असून निरोगी होत्या त्यातल्या ८४ टक्के बायकांना २० वर्षांत बीपी, शुगर किंवा कोलेस्टेरॉल यातलं काहीतरी लागलं. (बेतशीर वजनाच्या बायकांतही ६८ टक्क्यांना लागलंच, हेही त्यानंच सांगितलं, म्हणजे बारीक लोकांनी फार हसू नये.) इंग्लंडमध्ये तर ३५ लाख लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी पाहिल्या, २०१७ साली छापून आलं. लठ्ठ पण बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलचा काहीच त्रास नसलेल्या लोकांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण बेतशीर वजनाच्या निरोगी लोकांच्या जवळपास दुप्पट निघालं, आणि तेही सरासरी पाच-साडेपाच वर्षांतच. शिवाय गुडघे, झोपेत श्वास अडकणं, लिव्हरवरची चरबी, हे त्या शुगर-कोलेस्टेरॉलच्या कागदावर कुठं दिसते?

असं का होते ते त्यानं समजावलं आणि मला ते माझ्या भाषेत लगेच कळलं. शिवणीत दाब, म्हणजे आत मुडपलेलं जास्तीचं कापड, सोडलेला असला की पॅन्ट ढिली करता येते. कातडीखालची चरबी म्हणजे तो दाब, मांड्या, सीट इथं साठते तोवर निभते. दाब संपला की चरबी आत लिव्हरमध्ये, आतड्यांभोवती जाऊन बसते आणि मग इन्सुलिनचं काम बिघडते. कोणाच्या अंगात दाब जास्त, कोणाच्या कमी, म्हणून एक ९४ किलोवाला पन्नाशीपर्यंत ठणठणीत आणि दुसरा ७० किलोतच गोळ्या खाते.

आणि आपल्या लोकांत दाब मुळातच कमी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो २००४ ला लॅन्सेट या डॉक्टर लोकांच्या नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३, पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के अन् आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२. म्हणून तर आपल्याकडे २५ बीएमआयलाच लठ्ठ धरतात, गोऱ्यांसारखं ३० ची वाट पाहत नाहीत.

आता त्या पत्रलेखकाचं अर्धं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. लग्नात, ऑफिसात जाड्या म्हणून चिडवणारे लोक काही कोणाच्या हार्टची काळजी करून राहिले नाहीत, आणि टोमणे मारून कोणाचं पोट कमी झालेलं मी तरी पाहिलं नाही. लठ्ठ पण निरोगी माणसाला आजारी म्हणावं का, यावर तज्ज्ञांतही वाद आहेच, २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेटच्या तज्ज्ञांच्या कमिशननं अशा लोकांना सरळ आजारी न म्हणता वेगळं नाव दिलं, पण धोका आहे, लक्ष ठेवा असंही म्हटलं, आणि नुसत्या बीएमआयवर जाऊ नका, कंबरही मोजा म्हणाले.

माझं भांडण कॅम्पवाल्यांशी आहे. गणपतीत, वाढदिवसाला, निवडणुकीच्या आधी तर गल्लोगल्ली कॅम्प लागतात, बोटातून रक्त काढतात, वजन करतात, नॉर्मल लिहून कागद हातात देतात, झालं. पंधरा-वीस रुपयांचा टेप कोणाजवळ नसते. आयसीएमआर या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या, २०२३ ला छापून आलेल्या देशभरच्या पाहणीत बीएमआयनं लठ्ठ २८.६ टक्के निघाले आणि पोटानं ३९.५ टक्के, म्हणजे नुसत्या वजनकाट्यावर किती लोक सुटून जातात बघा. आयोजकांनी दोनच गोष्टी कराव्या, पोट मोजावं आणि मागच्या वर्षीचा आकडा नव्या आकड्याच्या शेजारी लिहावा. पुरुषांना ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, बायकांना ८० म्हणजे साडेएकतीस, ही आपली हद्द.

तोवर ज्याला मोजायचं असेल त्यानं माझ्या दुकानात यावं, पैसे नाहीत. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप लावतो, पॅन्टच्या बेल्टवर नाही. फक्त पोट आत ओढू नका, टेप दिसला की सगळेच ओढतात, मी पण ओढतो.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर