प्रणाली, परीक्षा दे

जि. यवतमाळ
९ डिसेंबर

चि. प्रणालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस की, जॅमचा, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा, अर्ज भरला असला तरी फेब्रुवारीतली परीक्षा द्यावीशी वाटत नाही, बी.एस्सी. झाली की बी.एड. करावे आणि जवळपास कुठेतरी नोकरी पाहावी. त्या वेळी घरात पाहुणे होते, त्यामुळे मला नीट बोलता आले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे. मी स्वतः शिक्षिका आहे आणि या कामात मला समाधान मिळाले आहे, तेव्हा बी.एड. कमी प्रतीचे आहे असे मी कधीच म्हणणार नाही. परंतु रसायनशास्त्रात संशोधन करायचे हे तू अकरावीपासून सांगत आली आहेस, आणि आता ते सोडण्यासाठी तू जी कारणे दिलीस त्यांत मला तुझ्यापेक्षा इतरांचेच बोलणे अधिक ऐकू आले.

पहिले कारण पैशाचे. मोठी आई परवा अंगणात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरीले आनखी किती शिकवता बाप्पा, बापावर किती भार टाकता?" त्यांच्या मनात तुझ्याविषयी मायाच आहे, हे तू जाणतेस. पीएच.डी. म्हणजे बापाने आणखी पाच वर्षे फी भरत राहायचे, असाच आपल्याकडे समज आहे आणि तो दूर करण्याचे काम आजवर कोणी केलेले नाही. वास्तविक सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे सीनिअर फेलो झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. वसतिगृह न मिळाल्यास घरभाडे भत्ता वेगळा. हे दर जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. आपल्या कोरडवाहू शेतातून दर महिन्याला इतके रोख पैसे हाती येत नाहीत, हे तुला माहीत आहे. मुलींना या फेलोशिपच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत आहे, आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे स्त्री संशोधकाला प्रबंध पूर्ण करण्यासाठी दोन वर्षे अधिक मिळू शकतात, शिवाय प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळू शकते. म्हणजे सांभाळायची ती एम.एस्सी.ची दोन वर्षे, आणि त्यांचा हिशेब बाबांनी आणि मी आधीच करून ठेवला आहे. तो भार तू आपल्या मनावर घेऊ नकोस.

दुसरे कारण तू अगदी सहज बोलून गेलीस, पण मला तेच अधिक लागले. तू म्हणालीस, "मोठमोठ्या शहरांतल्या मुलांसमोर आपल्यासारख्या गावातल्या मुलीला रिसर्चमध्ये काय सुचणार?" याचे उत्तर मला सविस्तर द्यायचे आहे.

सध्या शेतात कापसाची वेचणी सुरू आहे. २०१७ च्या हंगामात याच शेतात काय झाले होते ते तुला आठवत असेल. बोंडे बाहेरून निरोगी दिसत होती आणि फोडली की आत गुलाबी अळी, खाल्लेली सरकी आणि डागाळलेली रुई निघत होती. ही अळी अंड्यातून निघताच पाती (म्हणजे कळी), फूल किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र पुढे बुजून जाते, म्हणून नुकसान दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष ज्याच्या झाडातच तयार होते असा कापूस, आपल्या देशात २००२ साली आला, दोन विषे तयार करणारे दोन जनुकांचे वाण २००६ साली आले, आणि त्यानंतरच्या वर्षांत गुलाबी बोंडअळीने त्या दोन्ही विषांना दाद देणे बंद केले. ही अळी जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. त्यामुळे हंगाम संपल्यावरही फरदडीसाठी, म्हणजे त्याच झाडांपासून आणखी कापूस घेण्यासाठी, पऱ्हाटी उभी ठेवली की तिच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढत जातात, आणि प्रत्येक पिढीत विष पचवणाऱ्या अळ्यांचे प्रमाण वाढते. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दिवसांत घरोघर जी भीती होती ती तू लहान असूनही पाहिली आहेस.

आता त्याच शेतातले कामगंध सापळे डोळ्यांसमोर आण. त्यांत जी ल्यूर लावतात तिच्यात मादी पतंगाच्या गंधाची प्रयोगशाळेत तयार केलेली नक्कल असते; नर त्या गंधाने येऊन अडकतात, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा अधिक पतंग सापडले तर उपाय करावा, असे कृषी विभागाचे लोक सांगतात. फवारणी केव्हा करावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केव्हा मुळीच करू नये, हे ठरवणारा हा आकडा शेतकऱ्याच्या हाती येतो तो कोणीतरी एक रेणू ओळखला आणि तो जोडून दाखवला म्हणून. असे रेणू ओळखणे आणि जोडणे हेच तू गेली तीन वर्षे शिकत आहेस. बाबा ल्यूर बदलतात तेव्हा मला दर वेळी तुझ्या प्रयोगवह्या आठवतात.

याच्या पुढची गोष्ट पुस्तकात नाही. अळी शिरलेले फूल उमलत नाही, त्याच्या पाकळ्या आतून गुंफल्या जातात आणि त्याची डोमकळी होते. ही डोमकळी सर्वांत आधी कोणाला दिसते? निंदणाऱ्या बायांना दिसते, कारण ओळीओळीने वाकून झाड न् झाड पाहणाऱ्या त्याच असतात. कोणत्या धुऱ्याकडून कीड सुरू झाली, कोणत्या वाणाला आधी लागली, हे त्या बिनचूक सांगतात. मात्र त्यांना ते विचारणारे कोणी नसते आणि त्यांच्या सांगण्याची नोंद कुठे होत नाही. फवारलेल्या शेतात दोन दिवसांनी वेचणीला गेलेल्या बाईच्या हातांवर किती विष उतरते, ते कोणत्या पाण्याने आणि किती धुतले म्हणजे निघते, गरोदर बाईने त्या शेतात केव्हा जाऊ नये, फवारणीचे हातमोजे बाईच्या हातात का बसत नाहीत, या प्रश्नांवर काम होण्यासाठी आधी ते कोणाला तरी सुचावे लागतात. ज्या मुलीची आजी आयुष्यभर कापूस वेचत आली तिला ते सुचतील. शहरातल्या हुशार मुलांना ते सुचणार नाहीत याचा दोष मी त्यांना देत नाही, त्यांनी ते शेत पाहिलेलेच नाही. तुला काय सुचणार, याचे माझे उत्तर हे आहे.

कमला सोहोनी यांच्याविषयी मी तुला शाळेत असताना थोडेसे सांगितले होते. त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल आल्या आणि १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. तो त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने नाकारला गेला, आणि नाकारणारे संचालक होते स्वतः सी. व्ही. रामन. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या. शेवटी त्यांना अटींवर घेतले गेले: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचे, आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. वर्षभराने त्यांचे काम पाहून मान्यता मिळाली आणि नंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. त्या अटी अन्यायाच्याच होत्या. आज कोणतीही संस्था तुला तशी अट घालू शकत नाही, आणि कोणी आडून घालू पाहिली तर ती मान्य करू नकोस, असेच मी सांगेन.

परंतु कमलाबाईंची जी गोष्ट मला अधिक जवळची वाटते ती पुढची आहे. त्यांनी बंगळूरला अभ्यासाला घेतली ती दुधातली आणि डाळींमधली प्रथिने. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींमध्ये श्वसनाला आवश्यक असलेले सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखवले, १९३९ साली पीएच.डी. मिळवली आणि विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्यानंतर त्या मायदेशी परतल्या आणि पुन्हा गरिबांच्या ताटाकडे वळल्या: डाळी, तांदूळ, नीरा. नीरेतल्या पोषक द्रव्यांवरील त्यांच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आपल्या घरी तुरीची डाळ रोज शिजते, आणि ती जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत नेण्याइतका मोठा विषय आहे हे त्या बाईंना फार लवकर कळले होते. कोलकात्याच्या असीमा चॅटर्जी यांचेही तसेच. १९४४ साली त्यांनी डी.एस्सी. ही विज्ञानातली डॉक्टरेट मिळवली, १९६१ साली विज्ञानातल्या कामासाठीचा भटनागर पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, आणि त्यांचे काम होते सदाफुलीच्या वर्गातली अल्कलॉइड द्रव्ये आणि आपल्या औषधी वनस्पती यांवर. सदाफुली आपल्या विहिरीजवळ बारमाही फुललेली असते.

आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात यावी अशी माझी इच्छा आहे. आपल्या देशात पदवीला विज्ञान घेणाऱ्यांमध्ये मुली मुलांच्या बरोबरीने आहेत, पण प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पाचात एक इतकेही नाही. मी गावात शिकवते, त्यामुळे मला वाटायचे की मुली सुटतात त्या दहावीनंतरच, कारण विज्ञान शाखा तालुक्याला, प्रात्यक्षिके दुपारनंतर, आणि घरी परतायची गाडी त्याआधीच निघून गेलेली. तसे होतेच, आणि त्यासाठी माझ्या शाळेतल्या मुलींच्या पालकांशी मी दर उन्हाळ्यात बोलत असते. परंतु फार मोठी गळती त्यानंतर आहे: अमरावती-नागपूरच्या वसतिगृहांत राहून बी.एस्सी. उत्तम गुणांनी पूर्ण केलेल्या मुली तिथून पुढे दिसेनाशा होतात. तू आज नेमकी त्याच जागी उभी आहेस. त्या मुली कमी हुशार होत्या म्हणून थांबल्या नाहीत. त्यांच्याही घरी कोणीतरी असेच अंगणात बोलले असेल, आणि त्यांना फेलोशिपचा आकडा कोणी सांगितला नसेल. माझ्या वर्गातल्या आठवीच्या मुली तुझी चौकशी करतात, ताई आता काय करणार असे विचारतात. तू जे करशील ते त्यांच्या घरांतून उदाहरण म्हणून सांगितले जाणार आहे. यातून तुझ्यावर दडपण यावे असा हेतू नाही, पण हे खरे असल्याने लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

फार दूर जावे लागेल ही भीतीही थोडी बाजूला ठेव. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. एम.एस्सी. कुठेही कर, नंतर काम करायला आपल्या मातीजवळ जागा आहेत. मात्र शिकण्यासाठी बंगळूर किंवा मुंबई मिळाली तर तिकडेच जा, जवळ आहे म्हणून कमी पसंतीचे घेऊ नकोस.

स्थळाचा विषय तू काढला नाहीस, पण तो तुझ्या मनात आहे हे मी ओळखले. वर्ध्याच्या मंडळींना बाबांनी गेल्या आठवड्यातच कळवले की, मुलीचे शिक्षण सुरू आहे आणि तूर्त आम्ही पाहण्याचा कार्यक्रम ठेवत नाही. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. आजीला सुरुवातीला रुचले नाही, पण बाबा ठाम आहेत. तुझे लग्न तू म्हणशील तेव्हा बोलू. तोपर्यंत या घरातून त्याविषयी तुला कोणी विचारणार नाही, याची जबाबदारी माझी.

आता परीक्षेचे. भौतिक रसायनाचा भाग मागे राहिला आहे असे तू म्हणाली होतीस, तो आधी घे. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका जॅमच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्या वेळ लावून सोडव आणि जे अडेल ते महाविद्यालयातल्या मॅडमना विचार, त्यांनी तुला मदत करायची तयारी दाखवली होतीच. संक्रांतीला घरी ये, पण पुस्तके घेऊन ये; समोरची खोली तुला मोकळी करून देते आणि त्या दिवसांत घरातले कोणतेही काम तुझ्याकडे येणार नाही. केंद्र नागपूर आले तर आदल्या दिवशी मामांकडे उतरायचे आहे, बाबा सोबत येतील. प्रवेशपत्र आले की लगेच कळव, म्हणजे त्यांना तुरीच्या कापणीची मजुरी त्या बेताने सांगून ठेवता येईल.

तुझी,
आई