हंटिंग्टन, विल्सन, पीएसपीच्या रुग्णांसाठी सोबती आणि निधी हवा आहे

हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराच्या रुग्णाचे हातपाय उडतात, पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) या मेंदूच्या आजाराचा रुग्ण तोल जाऊन पडतो, हे कोणालाही दिसते. घर मात्र बहुतेक वेळा न दिसणाऱ्या लक्षणांनी मोडकळीस येते. चिडचिड, संशय, नैराश्य, कशातच रस न उरणे ही ती लक्षणे. ज्यांच्या नावाने हंटिंग्टन आजार ओळखला जातो, त्या डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ सालीच या आजारातली वेडाकडची आणि आत्महत्येकडची ओढ नोंदवली होती. अनेकांत ही लक्षणे हालचाली बिघडण्याच्या आधी सुरू होतात. मग माणूस आळशी किंवा तापट ठरतो आणि नातेवाईक दुरावतात. अशा घरांसाठी आमचा मदतगट काम करतो.

पहिली मागणी वेळेची आहे. आठवड्यातून दोन तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी रुग्णासोबत बसणारे सोबती हवेत. निदान सहा महिने तीच व्यक्ती यावी, कारण दिनक्रम बदलला की हंटिंग्टनच्या रुग्णाची चिडचिड उसळते. आठवड्याला नवा चेहरा पाठवण्यापेक्षा कोणालाच न पाठवलेले बरे, असे आमचे ठाम मत आहे.

सोबत कशी करायची ते आम्ही शिकवू. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर उशिरा येते. घाईने तोच प्रश्न पुन्हा विचारला की राग भडकतो. ‘काय करायचं?’ असे न विचारता दोनच पर्याय द्यायचे. निरुत्साही रुग्णाला समजावून उपयोग होत नाही, कारण काम सुरू करून देणारी मेंदूतली यंत्रणाच दुखावलेली असते. त्याच्याबरोबर आपण काम सुरू केले की तो बऱ्याचदा ते पुढे नेतो. पीएसपीचा रुग्ण विचार न करता झटकन उठतो आणि मागे कोसळतो, म्हणून पाणी, चष्मा, रिमोट त्याच्या हाताशी ठेवायचे आणि आपण बाजूला बसायचे. राग अचानक वाढला तर वाद थांबवून भूक, वेदना, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, अपुरी झोप यांची चौकशी करायची. मरणाची भाषा ऐकू आली तर विषय बदलू नये, थेट विचारावे, रुग्णाला एकटे सोडू नये आणि घरच्यांना व आम्हाला लगेच कळवावे.

निधीतला पहिला वाटा आम्ही विल्सनच्या तपासण्यांसाठी ठेवतो. शरीरात तांबे साचून होणारा हा आजार औषधांनी आटोक्यात राहतो, पण औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. वागणे बदललेला, अभ्यासात मागे पडलेला तरुण नुसता मनोरुग्ण समजला गेला, तर तेवढ्या काळात यकृताची आणि मेंदूची हानी होत राहते. रक्तातील सेरुलोप्लाझमिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन), २४ तासांच्या लघवीतील तांबे आणि डोळ्यांची स्लिट-लॅम्प या प्रकाशयुक्त सूक्ष्मदर्शकाने तपासणी यांपासून सुरुवात होते. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून त्यांचीही तपासणी करून घेतो. उरलेल्या निधीतून न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची एकत्र बैठक, जनुकीय समुपदेशन आणि रुग्णांचा प्रवास यांचा खर्च भागतो.

एकत्र बैठकीचा आग्रह उगाच नाही. हंटिंग्टनमधल्या अनावर हालचाली कमी करणाऱ्या टेट्राबेनाझिन या औषधाने नैराश्य वाढू शकते. भास थांबवण्यासाठी दिलेल्या हॅलोपेरिडॉलने पीएसपीच्या रुग्णाचा ताठरपणा आणि गिळण्याचा त्रास वाढू शकतो. म्हणून उरलेल्या गोळ्या देणगी म्हणून कृपया आणू नका, आम्ही त्या घेत नाही.

हंटिंग्टनच्या रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला हा आजार येण्याची शक्यता ५० टक्के असते. त्या मुलांना ‘तपासणी केलीस का?’ असे कोणीही विचारायचे नाही. तो निर्णय सर्वस्वी त्यांचा आहे. घरात पाहिलेले-ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, ही अट मान्य असेल तरच नाव नोंदवावे.

नाव देताना मोकळा वार, वेळ आणि पडलेल्या माणसाला आधार देऊन उठवणे जमेल का, एवढे कळवा. देणगी देताना ती तपासणी, बैठक की प्रवास यांपैकी कशासाठी आहे ते लिहिल्यास रक्कम त्याच कामी वापरून हिशेब पाठवू.