गाडीत पाणी शिरलं? चावी नको, पाना आणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या पावसानंतर तुमच्या अंकात बुडालेल्या गाड्यांचे फोटो आले आणि खाली नेहमीची ओळ, की मालकांना मोठा फटका. फटका बसतो हे खरंच आहे, पण त्यातला निम्मा पाण्याचा नसतो, तो आपण नंतर चावी फिरवतो त्याचा असतो आणि उरलेला "पार्ट बदलावा लागेल" या एका वाक्याचा असतो, हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय म्हणून हे पत्र.

२५ जुलै २०२४ ची पहाट. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या घरात पाणी सोडलेलं, एकतानगरीत नंतर बोटी फिरत होत्या, आणि आमच्या विठ्ठलवाडीकडच्या पार्किंगमधे मुठामाई सीटच्या खालपर्यंत येऊन गेली. पाणी दुपारी उतरलं. शेजारच्या एकाने "बघू तरी" म्हणून लगेच चावी फिरवली, डॅशबोर्डवर एकदम दिवाळी झाली, सगळे दिवे लागले, आणि मग जो काळोख झाला तो कायमचाच. मी मात्र चावीला हात लावला नाही, यात हुशारी काही नाही, मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस, केबलच्या जॉइंटमधे आयुष्य गेलं, त्यामुळे ओल्या तांब्यात करंट सोडायचा नसतो एवढं हाडात बसलेलं. पण माझीही चूक झालीच. बॅटरीचा मायनस, म्हणजे उण्या टोकाची वायर, काढायचं सुचलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

ही चूक का मोठी ते सांगतो. नुसतं पाणी तांब्याला इतक्या लवकर खात नाही. पाणी आणि १२ व्होल्ट एकत्र आले की मात्र तासातासाला खातं, प्लसकडचं तांबं विरघळतं आणि हिरवा थर चढतो. पितळेच्या भांड्यात ताक विसरलं की कळकतं ना, तोच हिरवा रंग, फक्त इथे करंट असल्याने काम फार झपाट्याने होतं. आमच्या टेलिफोनच्या लाइनवर म्हणूनच उणे ४८ व्होल्ट असतात, प्लस जमिनीला जोडलेला, म्हणजे लाइनचं तांबं वाचतं. गाडीत बरोबर उलटं, मायनस बॉडीला आणि प्लस वायरीत, त्यामुळे ओल आली की आधी वायरच मरते. आणि चावी बंद म्हणजे करंट बंद असं नसतं, हॉर्न, सेंट्रल लॉक, पार्किंगचे दिवे, घड्याळ यांना बॅटरीचा करंट चोवीस तास जातच असतो. माझ्या गाडीत चार दिवसांनी, मायनस परत जोडल्यावर, काय सुरू झालं माहितीये? रात्री दोनला आपोआप हॉर्न, आणि दारं कट कट उघडबंद. सोसायटीत कुणी म्हणालं बाधा झाली. बाधा कसली, ज्यांना चोवीस तास करंट होता तेच आधी बिघडले, इतकं सरळ.

गाडी टोइंग करून एका मोठ्या वर्कशॉपमधे नेली. त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचे चौदा कोड आले, प्रिंट काढून हातात दिली. बॉडी कंट्रोल मॉड्युल (दिवे, हॉर्न, लॉक सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) गेला, आतलं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलायचं, एस्टिमेट १ लाख ३८ हजार. विम्यातून घसारा कापून किती मिळेल याचा हिशोब केला तर दहा वर्षांच्या गाडीत एवढे घालायचे की नाही असा प्रश्न, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर तर निम्मेच धरतात. म्हटलं थांबा. मग नाना पेठेतला एक ओळखीचा ऑटो इलेक्ट्रिशियन घरी बोलावला, भाच्याच्या वयाचा पोरगा, त्याने प्रिंट बघितली आणि विचारलं, "काका, बॉक्स गेला म्हणतात, पण उघडून बघितला का कुणी?" म्हटलं नाही. "मग गेला हे कळलं कसं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, वर्कशॉपकडे पण नसावं.

त्याने आधी सगळे कोड पुसले, आणि चार्ज केलेल्या बॅटरीवर परत वाचले. चौदाचे तीन राहिले. बाकीचे नुसते व्होल्टेज पडल्याने आलेले, प्रत्येक बॉक्स दुसऱ्याच्या नावाने ओरडत होता. मग बॅटरी काढून स्टिअरिंगखालच्या स्कॅनरच्या सॉकेटमधे ६ आणि १४ नंबरच्या पिनमधे मीटर लावला, ६० ओहम आले. म्हणजे इंजिनचे बॉक्स ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात, त्यांच्या दोन्ही टोकांचे १२०-१२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आणि लाइन तुटलेली नाही. १२० आले असते तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले असते तर शॉर्ट. दोन मिनिटांचं काम, वर्कशॉपच्या प्रिंटमधे याचा उल्लेख सुद्धा नव्हता.

बॅटरी मात्र दर तीन-चार दिवसांनी उतरायची. त्यासाठी बॅटरीचा मायनस आणि त्याची वायर यांच्या मधे मीटर जोडला, गाडी लॉक केली आणि अर्धा तास चहा घेतला, कारण सगळे बॉक्स झोपायला तेवढा वेळ लागू शकतो, ही घाई केली तर आकडा खोटा येतो. ५० मिलीअँपच्या आत हवं, आमच्याकडे ३८०. एकेक फ्यूज काढत गेला, सेंट्रल लॉकचा काढला आणि आकडा धपकन ३० वर. बास, चोर सापडला. ड्रायव्हरच्या पायाशी जे प्लॅस्टिकचं कव्हर असतं त्याच्यामागचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, सोडवला तर आत हिरवं-पांढरं पीठ, दोन पिना जवळपास खाल्लेल्या. वायर सोलली तर कपलरपासून बोटभर आतपर्यंत तांबं काळं. पाणी वायरीच्या आत वातीसारखं चढतं, केशाकर्षण, आमच्या केबलमधे म्हणून जेली भरायचे. असली वायर चांगलं लाल तांबं दिसेपर्यंत कापायची, काळ्या तांब्यावर सोल्डर धरतच नाही.

आणि कार्पेट! वरून कोरडं ठणठणीत, पण सीट काढून उचललं तर खालचा फोम पिळून दीड बादली पाणी निघालं, पाणी उतरून पंधरा दिवस झालेले बरं का. तो फोम आत ठेवून वरचे कितीही बॉक्स बदला, महिन्याभरात परत तेच. सीटखाली पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅग किंवा सीटबेल्टचे, तिथे मीटर लावायचा नाही, बॅटरी काढून निदान दहा मिनिटं थांबल्याशिवाय सोडवायचे नाहीत. एअरबॅगचा बॉक्स बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास अगदी खाली असतो, तो बुडाला असेल तर नवीनच घाला, तिथे माझ्यासारखी चिंगूसगिरी नको. इलेक्ट्रिक आणि हायब्रिडवाल्यांनी तर केशरी वायर दिसली की लांबच राहावं.

बॉडी कंट्रोलचा बॉक्स शेवटी घरच्या डायनिंग टेबलवर उघडला, बायको माहेरी होती म्हणून जमलं. बोर्डावर गाळाची रेघ, तीन ठिकाणी हिरवं. पहिल्यांदा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने गाळ धुतला (हो, धुतला, पाण्यानेच, करंट नसताना पाण्याला घाबरायचं कारण नाही), मग तपकीर गल्लीतून ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, जुन्या मऊ टूथब्रशने घासलं आणि दोन दिवस पंख्याखाली. हेअर ड्रायर नाही, आणि तांदळाच्या डब्यात तर अजिबात नाही, ते फक्त फोडणीच्या भाताला कमी पडतात. बोर्डावरच्या दोन पिनांना परत सोल्डर दिला, वर कोटिंगचा स्प्रे मारला, कपलर नवीन, अर्थिंगचा नट खरवडून घट्ट. सगळं मिळून ६,२०० रुपये त्याच्या मजुरीसकट. बॉक्स मूळचाच राहिल्याने चाव्या परत कोड कराव्या लागल्या नाहीत, नवीन घातला असता तर तोही खर्च होता.

सगळ्यांचं असं होईल असं माझं म्हणणं नाही. हिरवं चिपच्या पोटाखाली गेलं असेल तर तो बॉक्स गेलाच, शेजाऱ्याचा गेला. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते वेगळंच प्रकरण, आणि चावी फिरवून इंजिन गेलं तर साध्या विम्यात भांडण होतं, त्याला इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. म्हणून काही उघडायच्या आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग पाना लावा. आणि नदी लांब आहे म्हणून कुणी निवांत राहू नये, माझी एक वहिनी कोथरूडला गुलमोहोराखाली गाडी लावते, वायपरखालच्या जाळीत पाला साचून पाणी थेट फ्यूज बॉक्सवर. तिच्याकडे पूर आलाच नव्हता.

वर्कशॉपवाल्यांवर माझा फार राग नाही, त्यांना तासाला चार गाड्या बघायच्या असतात आणि उघडून बघायचे पैसे कुणी देत नाही. पण एस्टिमेटवर "उघडून पाहिले" की "न उघडता" एवढा एक रकाना असायला काय हरकत आहे?

तुम्हाला विनंती एकच. धरणातून विसर्ग वाढला की तुम्ही "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे" छापता, त्याच्याखाली आणखी एक ओळ छापा, की गाडी हलवता येत नसेल तर बॅटरीचा मायनस काढून ठेवा. १० नंबरचा पाना लागतो. आमच्या सोसायटीत तो आता वॉचमनच्या केबिनमधे सुतळीला बांधून टांगलाय, आत्तापर्यंत दोन चोरीला गेले, हा तिसरा.

आपला,
एक रिटायर्ड टेलिफोनवाला, विठ्ठलवाडी, सिंहगड रोड, पुणे