आई-बाबांना, साध्या जागांविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा बँकेतून काम न करताच टोकन हातात घेऊन घरी परतले आणि तेव्हापासून ‘मी आता कामातून गेलो’ असे म्हणत आहेत, हे आईने फोनवर सांगितले. फोनवर हे नीट बोलणे मला जमले नसते, म्हणून लिहिते आहे.

बाबा, दादा गेल्यानंतर त्याच्या खोलीत जाताना किंवा त्या रुग्णालयासमोरून जाताना आपण मन घट्ट करतो, पण बँकेत जाताना कोण तशी तयारी करतो? दादा तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, फॉर्मवर जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली करून देत असे. त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने तशीच फुली करून कागद पुढे सरकवला आणि तुम्हाला उभे राहवेना. यात तुमचे काही बिघडलेले नाही. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग जागेची ओळख आणि घडलेल्या प्रसंगांची आठवण, दोन्ही सांभाळतो. मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या ठरावीक जागी पोहोचल्यावरच जाग्या होतात. त्या शोधासाठी त्यांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पुढे १९७५ च्या एका प्रयोगात पाणबुड्यांनी पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना काठावरच्यापेक्षा पाण्याखालीच अधिक आठवले. म्हणजे जागा बदलली की आठवण मागे राहते, आणि त्याच जागी परतले की आपण न बोलावताही ती पुढे येते. बरेच दिवस बरे गेल्यावर दुःख असे उसळले, तर आपण पुन्हा पहिल्या दिवसावर येऊन पडलो असे वाटते खरे, पण तसे नसते.

आई, तू कधी बोलली नाहीस, पण गुडघे दुखत असतानाही तू लिफ्ट सोडून जिने चढतेस, हे माझ्या लक्षात आले आहे. लिफ्टच्या आरशात बघून दादा केस सारखे करायचा, ते मलाही तिथे शिरताच दिसते. काही दिवस एखादी जागा टाळण्यात गैर नाही. मात्र आज लिफ्ट, उद्या बँक, परवा बागेतला बाक, असे करत गेलो तर फिरायला जागाच उरणार नाही, ही माझी खरी काळजी आहे. (धीर धरा असे सांगणाऱ्यांचा मला अलीकडे रागच येतो, म्हणून ते सांगत नाही.) झोप उडाली किंवा घराबाहेर पडणेच नकोसे झाले, तर आपण समुपदेशकांकडे जाऊ, त्यात कमीपणा नाही.

बाबा, पुढच्या महिन्यात मी आले की आपण दोघे बँकेत जाऊ, आणि नाहीच जमले तर उठून परत येऊ. पत्ता बदलण्याच्या त्या अर्जाला मुदत नाही, हे मी बँकेत विचारून ठेवले आहे.

तुमची,
धाकटी